दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ स्वतः कसा काढायचा

टोकियोच्या हानेदा विमानतळावरून मंगळवारी संध्याकाळी पाचला निघालेलं विमान लॉस एंजेलिसला उतरतं मंगळवारीच, सकाळी दहाच्या सुमारास. म्हणजे निघण्याच्या सात तास आधी. तिकिटावर हे छापलेलं असतं आणि ते बरोबरही असतं. मग 'किती वेळ लागतो?' असं इंटरनेटवर विचारावं, तर एक साइट पावणेदहा तास सांगते, दुसरी अकरा, आणि तिसरी अंतराला सरळ ८०० ने भागून मोकळी होते.

या गोंधळाचं कारण साधं आहे. अंतराचं उत्तर एकच असतं. वेळेची मात्र निदान तीन असतात. विमान हवेत किती वेळ असतं, गेट सोडल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंत किती वेळ जातो, आणि मनगटावरच्या घड्याळात किती फरक पडतो. बहुतेक साइट यातला कोणता आकडा देताहेत ते सांगतच नाहीत. म्हणून हा हिशेब एकदा स्वतः करून बघावा. त्याला शाळेतल्या त्रिकोणमितीपेक्षा जास्त काही लागत नाही. हानेदा ते लॉस एंजेलिस हेच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. पॅसिफिक महासागर, वार आणि वारा, तिन्ही अडचणी त्यात एकत्र सापडतात.

पहिली पायरी: शहर नको, विमानतळ धरा

टोकियोला दोन मोठे विमानतळ आहेत, हानेदा आणि नारिता, आणि दोघांमध्ये साधारण साठ किलोमीटरचं अंतर आहे. लंडनच्या नावाने तर सहा विमानतळ ओळखले जातात. नऊ हजार किलोमीटरच्या हिशेबात साठ किलोमीटर इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही, पण चुकीच्या विमानतळावरून पुढचं विमान पकडायचं असेल तर सगळंच बिघडतं. त्यामुळे तीन अक्षरी आयाटा कोड, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने विमानतळाला दिलेली खूण, बघूनच पुढे जा. हानेदाचा एचएनडी, नारिताचा एनआरटी, लॉस एंजेलिसचा एलएएक्स. सान होसे या नावाचे दोन प्रसिद्ध विमानतळ आहेत, एक कॅलिफोर्नियात (एसजेसी) आणि एक कोस्टारिकात (एसजेओ). नाव टाइप करून यादीतला पहिला पर्याय निवडण्याची सवय असेल, तर ती इथे सोडलेली बरी.

कोड कळला की विमानतळाचे अक्षांश-रेखांश घ्या. विकिपीडियावरच्या विमानतळाच्या पानावर ते मिळतात. इथे एक सापळा आहे. काही ठिकाणी ते अंश-मिनिटांत असतात, काही ठिकाणी दशांशात. ३३ अंश ५६ मिनिटं म्हणजे ३३.५६ नव्हे, ५६ ला ६० ने भागायचं, म्हणजे ३३.९३ येतं. ही एक चूक झाली की विमानतळ चाळीसेक किलोमीटर सरकतो. उत्तर आणि पूर्व धन, दक्षिण आणि पश्चिम ऋण, हेही आधीच लिहून ठेवा.

हानेदा: ३५.५५ उत्तर, १३९.७८ पूर्व.
लॉस एंजेलिस: ३३.९४ उत्तर, ११८.४१ पश्चिम.

दुसरी पायरी: सपाट नकाशा मिटून ठेवा

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून या दोन ठिकाणांमध्ये रेघ मारली तर ती पॅसिफिकच्या मधोमध जवळजवळ आडवी जाते. विमान मात्र निघाल्यावर ईशान्येकडे वळतं, अलास्काच्या अल्यूशियन बेटांच्या दिशेने वर चढतं आणि मग अमेरिकेच्या किनाऱ्याकडे खाली येतं. समोरच्या पडद्यावरचा तो कमानीसारखा मार्ग पाहून अनेकांना वाटतं, वैमानिक वळसा घालून चाललाय. खरं तर वळसा पट्टीने मारलेल्या रेघेला पडतो.

गोलावरच्या दोन बिंदूंमधला सगळ्यांत जवळचा रस्ता महावर्तुळावरून, म्हणजे ग्रेट सर्कलवरून जातो. गोलाच्या मध्यातून आरपार कापलं तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटेल ते महावर्तुळ. विषुववृत्त हे महावर्तुळ आहे. ४० अंशांचं अक्षवृत्त नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन विमानतळांवर दोरा ताणून धरा. दोरा आपोआप याच वर्तुळावर बसतो, आणि त्याची लांबी मोजून गोलाच्या परिघाशी ताडली तर अंतराचा बऱ्यापैकी अंदाजही येतो. संगणकावर हेच काम गूगल अर्थमधली मोजपट्टी करते.

फरक किती पडतो हे बघायला न्यूयॉर्क आणि माद्रिद ही जोडी छान आहे. दोन्ही विमानतळ जवळपास साडेचाळीस उत्तर अक्षांशावर. त्या अक्षांशावरून नाकासमोर पूर्वेला गेलं तर सुमारे ५,९३० किलोमीटर पडतात. महावर्तुळावरून सुमारे ५,७६०, पण त्यासाठी मध्यावर ४६ अंशांच्या वर चढावं लागतं. जोडी जितकी ध्रुवाजवळची आणि रेखांशांचा फरक जितका मोठा, तितकी ही तफावत वाढत जाते. विषुववृत्ताच्या आसपास ती जवळजवळ नाहीशी होते.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष गणित

कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना, ते आधी बघा. स्प्रेडशीट वापरणार असाल तर तिथली साइन-कोसाइनची फंक्शन्स रेडियनमध्ये चालतात, म्हणून प्रत्येक कोन आधी रेडियनमध्ये बदलून घ्या. उत्तर हास्यास्पद येतं तेव्हा दहातल्या नऊ वेळा गडबड इथेच असते.

आता रेखांशांमधला फरक. १३९.७८ पूर्व आणि ११८.४१ पश्चिम यांची बेरीज २५८.१९. हा आकडा १८० च्या वर गेला, म्हणजे आपण पृथ्वीला लांबच्या बाजूने फेरी मारतोय. ३६० मधून वजा करा: १०१.८१ अंश.

सूत्र असं: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार मिळवा. जी संख्या येईल तिचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹) काढा. तो कोन म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून पाहिल्यावर दोन विमानतळांमध्ये दिसणारं अंतर.

साइनचा गुणाकार ०.३२४६ येतो. कोसाइनचा गुणाकार ०.६७५०, त्याला १०१.८१ अंशांच्या कोसाइनने, म्हणजे उणे ०.२०४७ ने गुणलं की उणे ०.१३८१. बेरीज ०.१८६५. व्यस्त कोसाइन ७९.२५ अंश.

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर एका अंशाला १११.१९५ किलोमीटर पडतात. ७९.२५ ला त्याने गुणा: सुमारे ८,८१२ किलोमीटर. झालं.

पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांकडे थोडी दबलेली आहे. तो दबलेपणा धरून हिशेब करणाऱ्या साइट याच जोडीसाठी साधारण ८,८३० किलोमीटर दाखवतात. गोल धरल्याने होणारी चूक सहसा अर्ध्या टक्क्याच्या आत राहते, म्हणून दोन साइटचे आकडे वीस-तीस किलोमीटरने वेगळे दिसले तर डोकं लढवत बसू नका. विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जातं, मग वर्तुळ मोठं होत नाही का, असाही प्रश्न कुणाला तरी पडतोच. होतं, पण फक्त ०.१७ टक्क्यांनी, आपल्या उदाहरणात पंधराएक किलोमीटर.

कोनाला ६० ने गुणलं की उत्तर सागरी मैलांत मिळतं, कारण एक सागरी मैल म्हणजे साधारण एक मिनिट अक्षांश. इथे ४,७५५ सागरी मैल. नेमकं रूपांतर १ सागरी मैल = १.८५२ किलोमीटर. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो आणि त्या हिशेबाने हेच अंतर ५,४७५ मैल होतं. नुसतं 'मैल' लिहिलेलं दिसलं तर कोणता मैल ते तपासा. दोघांत पंधरा टक्क्यांचा फरक आहे.

आलेलं उत्तर विश्वासार्ह आहे का हे ताडायला एक कमाल मर्यादा ध्यानात ठेवा. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, त्यामुळे जगातले कोणतेही दोन विमानतळ एकमेकांपासून साधारण २०,००० किलोमीटरहून लांब असूच शकत नाहीत. त्याहून मोठा आकडा आला तर चिन्ह किंवा रेखांश चुकलाय. वास्तवातल्या नॉनस्टॉप उड्डाणांत सिंगापूर–न्यूयॉर्क ही जोडी ओळीत अगदी पुढे आहे, सुमारे १५,३५० किलोमीटर.

चौथी पायरी: विमान त्या रेषेवरून जात नाही

महावर्तुळाचं अंतर हा तळाचा आकडा आहे. प्रत्यक्षात उडालेलं अंतर त्याहून जास्तच भरतं. उड्डाण कोणत्या धावपट्टीवरून कोणत्या दिशेला झालं, शहराभोवतीचं वळण, ठरलेले हवाई मार्ग, वादळाला दिलेली बगल, उतरायच्या आधी आकाशात मारलेल्या घिरट्या, हे सगळं त्यात धरावं लागतं. मोकळ्या समुद्रावरच्या लांब उड्डाणाला मी ३ टक्के वाढवून धरतो. गजबजलेल्या किंवा निर्बंध असलेल्या प्रदेशावरून जायचं असेल तर ५ किंवा त्याहून जास्त. आपल्या उदाहरणात ८,८१२ चे सुमारे ९,०८० किलोमीटर होतात.

काही वेळा मात्र टक्केवारीचा काही उपयोग होत नाही, कारण मधली वाटच बंद असते. हेलसिंकी–टोकियो हे अंतर महावर्तुळावर साधारण ७,८०० किलोमीटर आहे आणि ती रेषा रशियावरून जाते. २०२२ च्या फेब्रुवारीत रशिया आणि युरोपीय देशांनी एकमेकांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून फिनलंडची विमानं उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून लांबचा फेरा घेऊन जातात. पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास होणारा प्रवास तेरा तासांवर गेला. अंतर मोजणाऱ्या साइटवर आकडा तोच आहे, ७,८००. आकडा चुकीचा नाही; फक्त त्या वाटेने कुणी जात नाही.

तिबेटच्या पठारावरूनही फार कमी मार्ग जातात. विमानातला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला चटकन तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरच्या मुखवट्यांतला प्राणवायू ठरावीक मिनिटांपुरताच असतो. आणि खालची जमीनच साडेचार किलोमीटर उंच. महासागरावर अडचण वेगळी असते. दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक मिनिटांत एखाद्या विमानतळावर पोचता येईल एवढ्याच टापूत राहावं लागतं. या नियमाला ईटॉप्स म्हणतात. १९८५ च्या सुमारास ही मर्यादा १२० मिनिटांपर्यंत गेली आणि अटलांटिक दोन इंजिनांच्या विमानांना खुला झाला. आज एअरबस ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता आहे. दक्षिण गोलार्धातले लांबचे मार्ग काढताना हा नियम आठवावा लागतो, कारण तिथे महावर्तुळ अंटार्क्टिकाकडे झुकतं आणि आसरा घ्यायला विमानतळ फारसे नसतात.

पाचवी पायरी: अंतरावरून वेळ

लांब पल्ल्याची आजची विमानं, म्हणजे बोइंग ७८७, ७७७, एअरबस ए३५०, साधारण मॅक ०.८४ ते ०.८५ ला उडतात. ए३३० थोडं हळू, ०.८२ च्या आसपास. मधल्या पल्ल्याची, आसनांच्या मधून चालायला एकच वाट असलेली विमानं ०.७८ च्या घरात. मॅक म्हणजे ध्वनीच्या वेगाचा किती हिस्सा, आणि ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. अकरा किलोमीटर उंचीवर प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश सेल्सिअस धरतात. तिथे ध्वनी तासाला सुमारे १,०६२ किलोमीटर जातो. त्याच्या ०.८५ पट म्हणजे ९०३. मोठ्या विमानाला ९०० आणि लहानाला ८३० धरलं की हिशेब तोंडी होतो.

विमान हा वेग पूर्ण प्रवासभर राखत नाही. पुरेशा उंचीवर जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, उतरायला तितकीच किंवा थोडी जास्त, आणि बऱ्याच देशांत दहा हजार फुटांखाली २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. चढण्या-उतरण्यात वाया जाणारा वेळ मी वीस मिनिटं धरतो.

९,०८० ला ९०० ने भागलं: १० तास ५ मिनिटं. त्यात वीस मिनिटं मिळवली की १० तास २५ मिनिटं. हा हवेतला वेळ, वारा अजिबात नसताना.

पण वेळापत्रकातला वेळ हा नव्हे. विमान कंपन्या छापतात तो ब्लॉक टाइम, म्हणजे विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून दुसऱ्या टोकाला चाकांपुढे आडण लागेपर्यंतचा. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर गेटपर्यंत येणं हे सगळं त्यात येतं. मोठ्या विमानतळांवर दोन्ही टोकांचे मिळून पंचवीस मिनिटं तरी धरा. गर्दीच्या वेळी चाळीससुद्धा जातात. आपला आकडा झाला १० तास ५० मिनिटं. शिवाय वेळेवर पोचल्याची नोंद चांगली राहावी म्हणून कंपन्या वेळापत्रकात थोडी ढील ठेवतात. 'अर्धा तास उशिरा निघूनही वेळेवर पोचलो' या चमत्कारामागे बहुधा ही ढीलच असते.

सहावी पायरी: वारा

आतापर्यंतचा हिशेब टोकियोहून लॉस एंजेलिसला जायला आणि परत यायला एकच उत्तर देतो, आणि तिथेच तो फसतो. वेळापत्रकात जाताना साधारण दहा तास दिसतात, येताना साडेअकरा ते बारा.

दोन्ही गोलार्धांच्या मधल्या अक्षांशांवर, साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे अरुंद पट्टे वाहतात. हे जेट प्रवाह. हिवाळ्यात ध्रुव आणि उष्ण कटिबंध यांच्या तापमानातला फरक वाढतो तसा त्यांना जोर चढतो. जपानजवळ हिवाळ्यात ताशी ३०० किलोमीटरचा वेग नवलाचा नाही. जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाला कळावं म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्पेरान्तो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. जगाने तो वाचला नाही.

विमानाचा ९०० चा वेग हा भोवतालच्या हवेच्या तुलनेतला असतो. हवाच पुढे चालली असेल तर जमिनीवरचा वेग तेवढा वाढतो. म्हणून पडद्यावर कधी ताशी ११०० किंवा १२०० किलोमीटर दिसतात आणि शेजारचा प्रवासी ध्वनीचा वेग ओलांडल्याची बातमी देतो. ओलांडलेला नसतो; भोवतालच्या हवेच्या हिशेबाने विमान अजून ०.८५ वरच असतं.

हिशेबात घ्यायचा तो वाऱ्याचा कमाल वेग नाही, तर पूर्ण मार्गावरची सरासरी, आणि त्यातलाही विमानाच्या दिशेने असलेला भाग. उत्तर पॅसिफिक किंवा उत्तर अटलांटिकवर मी उन्हाळ्यात ३०-४० आणि हिवाळ्यात ६०-८० किलोमीटर धरून बघतो. समजा ६०. जाताना ९,०८० भागिले ९६०, म्हणजे ९ तास २७ मिनिटं. वरची पंचेचाळीस मिनिटं मिळवून १० तास १२ मिनिटं. येताना भागिले ८४०, १० तास ४९ मिनिटं. मिळवून ११ तास ३४ मिनिटं. वेळापत्रकाशी हे आकडे जुळायला लागले. झटपट अंदाजासाठी एवढं पुरे: दहा तासांच्या उड्डाणात सरासरी वाऱ्याच्या प्रत्येक १० किलोमीटरमागे सहा-सात मिनिटांचा फरक पडतो.

जाताना वाचलेला वेळ येताना फिटतो आणि हिशेब सारखा होतो, असं मात्र नाही. वारा १५० धरून बघा. जाताना ८ तास ३९ मिनिटं, येताना १२ तास ६ मिनिटं. बेरीज वारा नसतानाच्या बेरजेहून पस्तीस मिनिटांनी जास्त. कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, पाठीमागच्यात कमी. वारा दोन्ही फेऱ्यांचं मिळून नेहमी नुकसानच करतो.

म्हणूनच नियोजन करणारे किलोमीटर वाचवायला बघत नाहीत, मिनिटं आणि इंधन वाचवायला बघतात. उत्तर अटलांटिकवर वाऱ्याचा अंदाज घेऊन मार्गांचा संच रोज नव्याने आखला जातो, पूर्वेकडे जाणाऱ्यांचा वेगळा आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांचा वेगळा. सिंगापूर–न्यूयॉर्कचं महावर्तुळ उत्तर ध्रुवाजवळून जातं, पण सिंगापूरहून निघालेलं विमान बहुतेकदा पॅसिफिकवरून पूर्वेकडे जातं. अंतर वाढतं, तरी वेळ कमी लागतो. सिडनी–योहान्सबर्ग ही दक्षिणेकडची जोडीही बघण्यासारखी आहे. अंतर सुमारे ११,०५० किलोमीटर. पूर्वेकडे, सिडनीला जाताना बारा तासांच्या आत-बाहेर आणि उलट दिशेने चौदाच्या आसपास.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेकडे जाणाऱ्याला शहर समोरून चालत येऊन भेटायला हवं, असं म्हणणारे भेटतात. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत उडतं, त्यामुळे हा फायदा मिळत नाही. वारा मात्र उलट दिशेनेच आपला हिशेब मांडतो.

सातवी पायरी: घडलेल्या उड्डाणांशी ताळा

फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर उड्डाण क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांच्या प्रत्यक्ष वेळा दिसतात. आठवडाभराचे आकडे उतरवून घ्या आणि मधला धरा. सर्वांत कमी आकडा पाहून खूश होऊ नका. तिथला 'फ्लाइट टाइम' सहसा चाकं जमीन सोडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा असतो. तो वेळापत्रकातल्या ब्लॉक टाइमशी थेट ताडला तर अर्ध्या तासाची तफावत दिसणारच. जुलैत बघितलेला आकडा जानेवारीच्या प्रवासाला लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

आठवी पायरी: घड्याळ आणि वार

वेळापत्रकात सुटण्याची वेळ सुटण्याच्या ठिकाणची स्थानिक असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या ठिकाणची. त्यांची थेट वजाबाकी कधीच करू नका. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत, न्या आणि मगच काय ती बेरीज-वजाबाकी करा.

टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे. मंगळवार १७:०० म्हणजे यूटीसी मंगळवार ०८:००. त्यात १० तास १२ मिनिटं मिळवा, १८:१२. लॉस एंजेलिस हिवाळ्यात यूटीसीच्या ८ तास मागे, म्हणून तिथे मंगळवार सकाळचे १०:१२. सुरुवातीचं कोडं सुटलं. परतीला गुरुवारी ११:३० ला निघालात तर यूटीसी गुरुवार १९:३०. ११ तास ३४ मिनिटांनी शुक्रवार ०७:०४. टोकियोत शुक्रवार दुपारचे १६:०४. आंतरराष्ट्रीय वाररेषेचा वेगळा विचार करावा लागत नाही, यूटीसीत ती आपोआप येते. मध्यरात्रीनंतर हानेदाहून सुटणारं विमान तर लॉस एंजेलिसला 'काल' संध्याकाळी पोचतं. वेळापत्रकात त्यापुढे उणे एक असं लिहिलेलं असतं. उलट दिशेला अधिक एक, कधी अधिक दोन. हॉटेलचं बुकिंग करताना ही छोटी खूण सर्रास नजरेतून सुटते.

त्रास देतो तो उन्हाळी वेळेचा बदल. उत्तर आणि दक्षिण गोलार्धांचे उन्हाळे उलटे, त्यामुळे लंडन आणि सिडनी यांच्यातला फरक जुलैत ९ तास असतो आणि जानेवारीत ११. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क–लंडन फरक पाचऐवजी चार तासांचा होतो. जपान वर्षभर एकाच वेळेवर चालतो. शिवाय सगळे फरक पूर्ण तासांचे असतात असंही नाही: भारत साडेपाच, नेपाळ पावणेसहा. प्रवासाच्या तारखेचा फरक बघा, आजचा नको.

नववी पायरी: मधे थांबा असेल तर

दूरच्या बहुतेक जोड्यांना नॉनस्टॉप विमानच नसतं. 'डायरेक्ट' लिहिलेलं असलं तरी ते नॉनस्टॉप असेलच असं नाही. एकाच उड्डाण क्रमांकाचं विमान मधे उतरून पुन्हा निघू शकतं.

अशा वेळी प्रत्येक टप्प्याचं महावर्तुळ वेगळं काढा आणि बेरीज थेट अंतराशी ताडा. लंडन हीथ्रो–सिडनी थेट सुमारे १७,०२० किलोमीटर. सिंगापूरमार्गे साधारण १७,१८०, म्हणजे एक टक्क्याचाच फेर. दुबईमार्गे १७,५४०, तीन टक्के. लॉस एंजेलिसमार्गे २०,८३०, बावीस टक्के. पाच टक्क्यांपर्यंतचा फेर उड्डाणाच्या वेळेत फारसा जाणवत नाही. तिथून पुढे तो तासांत मोजावा लागतो. फेर लहान असला तरी दुसरं टेकऑफ, दुसरं लँडिंग आणि दुसऱ्यांदा गेटपर्यंतची चाल यांचे पाऊण तास प्रत्येक थांब्यामागे वाढतातच, थांब्याचा वेळ वेगळा.

तिकिटाच्या साइटवर दिसणारा 'एकूण कालावधी' थांबा धरून असतो. त्यातून दोन्ही ब्लॉक टाइम वजा करून विमानतळावर नेमके किती तास काढायचे ते बघा. एकाच तिकिटावर दोन्ही उड्डाणं असतील तर कंपनी त्या विमानतळाची किमान जोडवेळ, म्हणजे एका विमानातून दुसऱ्यात जायला लागणारा ठरलेला किमान वेळ, पाळूनच विक्री करते आणि पुढचं विमान चुकलं तर सहसा पर्यायी विमानात बसवून देते. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर ही सोय नाही. वर सामान स्वतः घेऊन पुन्हा चेक-इन करायचं आणि अनेकदा आधी इमिग्रेशनमधून बाहेर यायचं. तेव्हा सातव्या पायरीतला आठवड्याचा तक्ता पुन्हा काढा. पहिल्या विमानाचा सर्वांत उशीर झालेला दिवस निवडा आणि त्या दिवशीही दुसरं विमान गाठता आलं असतं का ते बघा. आलं नसतं, तर मधे एक रात्र ठेवूनच तिकीट काढा.